टेबलासमोरची दहा मिनिटं

गेल्या डिसेंबरात एका तालुका विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीच्या टेबलावर दिवे नव्हते, मोटर नव्हती, थर्माकोलचे डोंगरही नव्हते. हाताने रंगवलेली एक कार्डशीट, एक दोनशे पानी वही आणि मिठाची एक किलोची न फोडलेली पुडी, एवढंच होतं. विषय होता चाळीतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरातल्या, कांद्याची घट. तिघे परीक्षक एकत्रच आले. ‘बोल बेटा, थोडक्यात सांग.’ तिने पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. एकाने पुडीकडे बघून विचारलं, ‘हे मीठ कशाला?’ तिने तोंड उघडायच्या आत दुसऱ्याने घड्याळ दाखवलं. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले होते, सत्कार लांबले होते आणि दोनच्या आत गुणपत्रकं द्यायची होती. तिघं पुढच्या टेबलाकडे सरकले.

मी तिथे स्वयंसेवक होतो. एक्स्टेंशन बोर्ड तपासणं, टेबलांना क्रमांक लावणं, मुलांना पाणी पोचवणं, अशी कामं माझ्याकडे होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी थांबलो, कारण ते मीठ मलाही कळलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. उन्हाळ कांदा काढला की पात कापतात. कापणाऱ्या बायांचं काम उक्तं, म्हणजे कामावर ठोक पैसे ठरवून असतं, हात झपाझप चालतो आणि मान अगदी कांद्याला लागून छाटली जाते. तिच्या आजीचं म्हणणं, दोन बोटं मान ठेवली तर कांदा टिकतो. वडिलांना ते पटत नव्हतं. मग हिने तीन क्रेट भरले: एकात मान पूर्ण छाटलेला कांदा, दुसऱ्यात एक बोट ठेवलेला, तिसऱ्यात दोन बोटं. तिन्ही क्रेट चाळीत शेजारी शेजारी ठेवले आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी वजन केलं. सडलेले, कोंब आलेले कांदे वेगळे मोजून नोंदवले.

सहाव्या रविवारी एका क्रेटचं वजन आधीपेक्षा जास्त भरलं. चाळीतला कांदा सुकतो, सडतो. वजनाने वाढत नाही. घरातले म्हणाले, तो आकडा खोड आणि अंदाजाने बरोबर लिही. तिने खोडला नाही. वहीत त्या ओळीभोवती लाल पेनाने गोल केलेला मी पाहिला, शेजारी लिहिलेलं होतं, ‘काटा चुकतोय?’ काट्याची बॅटरी उतरली होती. त्या दिवसापासून दर रविवारी कांद्याच्या आधी ती मिठाची पुडी काट्यावर ठेवायची, आकडा लिहायची, मगच क्रेट चढवायची.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी विभागात काम करतोय. आमच्याकडे नवा मुलगा रुजू झाला की त्याला पहिली गोष्ट शिकवावी लागते ती हीच, की माप घेण्याआधी मोजायचं साधन तपासायचं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेल्यांना हे शिकवताना महिने जातात. या मुलीला ते कुणी शिकवलं नव्हतं. एका न पटणाऱ्या आकड्याने शिकवलं. आणि परीक्षकांपैकी ते कुणालाच कळलं नाही, कारण तिच्या टेबलासमोर त्यांच्यातलं कुणी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलं नाही. तिला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नाही.

बक्षीस हुकलं याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की घरी जाताना तिला हे ठाऊक नव्हतं की आपण केलं त्यातलं सर्वात मोलाचं काय होतं. ते तिला त्या हॉलमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं तर आधी विचारायला हवं होतं.

आता थोडा हिशेब. समजा एका तालुक्याच्या प्रदर्शनात साठ प्रकल्प आहेत आणि परीक्षणाला तीन तास मिळतात. तीन परीक्षक एकत्र फिरले तर एका प्रकल्पाला तीन मिनिटं येतात, आणि त्यात चालणं, लिहिणं, गर्दीतून वाट काढणं सगळं आलं. हेच परीक्षक वेगवेगळे फिरले, प्रत्येक प्रकल्पाला दोन जणांनी स्वतंत्रपणे दहा-दहा मिनिटं दिली, तर लागतात बाराशे मिनिटं. एक माणूस तीन तासांत १८० मिनिटं देतो. म्हणजे सात माणसं. श्वास घ्यायला, गुण पडताळायला सवड ठेवली तर दहा. नाशिक जिल्ह्यात तालुके १५. सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत आणि इगतपुरीपासून नांदगावपर्यंत सगळे मिळून दीडशे माणसं, वर्षातला एक दिवस. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या एकसष्ट लाखांच्या वर होती. एवढ्यातून दीडशे माणसं मिळत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

आणि हा काही मोजमापाशी, यंत्राशी, मातीशी संबंध नसलेला जिल्हा नाही. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात सुखोई लढाऊ विमानं बांधली गेली. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, जिथे शाई आणि कागदाचं शास्त्र रोजच्या पोटापाण्याचा भाग आहे. दिंडोरी रोडला ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, जिथे धरणांच्या मातीची आणि काँक्रीटची तपासणी होते. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूम आहेत, प्रयोगशाळा आहेत. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे; कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबतं, ते तिथे. २००७ साली अमेरिकेला हापूस गेला तोही तिथूनच विकिरण होऊन गेला. कांद्याच्या टिकवणुकीवर वही भरून काम करणारी मुलगी याच जिल्ह्यात, आणि त्या विषयावर आयुष्य घालवलेली माणसंही याच जिल्ह्यात. दोघांची गाठ पडायला एक टेबल आणि दहा मिनिटं लागतात.

फक्त इंजिनिअर आणि शास्त्रज्ञच हवेत असंही मला म्हणायचं नाही. डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांशी वीस वर्षं झगडलेला द्राक्ष बागायतदार, पॅथॉलॉजी लॅबमधला तंत्रज्ञ, मोटर वाइंडिंगवाला, हवामानाची नोंद ठेवणारा, विहिरीचं पाणी मोजणारा, सगळे हवेत. वाइंडिंगवाला तर प्राध्यापकाच्या आधी हवा, आणि त्याचं कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसवलं. नववीतल्या दोन मुलांचा प्रकल्प होता ‘इंधनाविना अखंड वीज’. विज्ञान प्रदर्शनांत फिरलेल्या प्रत्येकाला हा प्रकल्प माहीत आहे. मोटर डायनामो फिरवते, डायनामो मोटरला वीज पुरवतो आणि वरून एक दिवाही पेटतो. बॅटरी फक्त सुरुवात करून द्यायला, असं सांगितलं जातं. शाळेच्या पातळीवर या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मला राग आला. पालक उभे होते, शिक्षक उभे होते, त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, ‘बॅटरी काढ बघू.’ मोटर चार फेरे फिरून थांबली. मुलाचे कान लाल झाले. त्याने पुढचा फलक उचलून उलटा करून ठेवला. मी बरोबर होतो आणि मी फार वाईट वागलो होतो.

त्या मुलांना फसवायचं नव्हतं. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, जमवाजमव केली, दिवा पेटला, शाळेने टाळ्या वाजवल्या. त्यांना कुठे कुणी अडवलं होतं? एखादा वाइंडिंगवाला तिथे असता तर त्याने खिशातला मल्टिमीटर काढून त्यांच्या हातात दिला असता. मोटरमध्ये किती जातंय ते मोजा, डायनामोतून किती निघतंय ते मोजा. मग बेअरिंगला हात लावा, वाइंडिंगला हात लावा, गरम का लागतंय? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्या पोरांना दहा मिनिटांत स्वतःच्या बोटांनी कळला असता आणि तोच पुढच्या वर्षीचा प्रकल्प झाला असता: ‘आमची वीज कुठे गळते?’ मी त्यांना फक्त गप्प केलं. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला ‘हे चूक आहे’ असं म्हणत नाही. ‘हे कसं मोजलंस?’ एवढंच विचारतो. त्या एका प्रश्नात सगळं येतं.

म्हणूनच मी म्हणतो की स्वयंसेवकांना नुसतं बोलावून भागणार नाही. आदल्या दिवशी त्यांना दोन तास बसवून काय विचारायचं, कसं विचारायचं, कुठे थांबायचं हे सांगायला हवं. पेठ-सुरगाण्याकडची मुलं घरी कोकणा किंवा वारली बोलतात. त्यांचं प्रमाण मराठी अडखळतं, आणि अडखळण्याला आपल्याकडे न समजण्याचं लक्षण मानलं जातं. शहरातल्या मुलाचं घोटीव भाषण ऐकून परीक्षक खूश होतात. डोंगरातल्या झऱ्याला मार्चनंतर किती पाणी राहतं हे बादलीने मोजणाऱ्या मुलाला शब्द सापडेपर्यंत थांबायला हवं, त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यायला हवं. थांबायला वेळ लागतो, आणि तीन मिनिटांत तो नसतो.

एवढ्या वेळाचा आग्रह का, याचं माझ्या कामातलं उत्तर सांगतो. कारखान्यात इन्स्पेक्शनला नुसता रंग बघायचा ठरवलं, तर सहा महिन्यांत सुंदर रंगाचे आणि चुकीच्या मापाचे पार्ट येऊ लागतात. कुणी मुद्दाम करत नाही, जे तपासलं जातं तिकडे हात वळतात. प्रदर्शनांचं तेच झालंय. तीन मिनिटांत काय दिसतं? दिवे दिसतात, आवाज ऐकू येतो, टाय लावलेला मुलगा इंग्रजी-मराठीत घडाघडा बोलतो ते दिसतं. मग घरोघरी तेच घडवलं जातं. तयार मॉडेल विकत मिळतात, सेन्सर लावलेली कचरापेटी मिळते, अंधांसाठीची काठी मिळते, सोबत पाठ करायचा मजकूरही मिळतो. यात पालकांना दोष देणं सोपं आहे. पण पालकाने बघितलेलं असतं की मागच्या वर्षी कशाला बक्षीस मिळालं. बाजारातून आणलेलं मॉडेल दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. दुसरा प्रश्न विचारणारा माणूसच नसेल, तर विकत घेणारा व्यवहारी ठरतो आणि पाच महिने कांदा तोलणारी मुलगी खुळी ठरते.

यासाठी कुठला नवा नियम करायला नको. शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संस्था असलेल्या एनसीईआरटीने बालवैज्ञानिक प्रदर्शनांसाठी दिलेल्या मूल्यमापनाच्या निकषांत मुलाची स्वतःची कल्पकता, विचारातली मौलिकता, वैज्ञानिक तत्त्व हे सगळं आहे, आणि सादरीकरण हा त्यातला फक्त एक भाग आहे. १९९३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये तर मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन प्रत्यक्ष पाहणी करायची, नोंदवही ठेवायची अशीच रीत आहे. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. कागदावरची चौकट चांगली आहे. ‘मुलाची स्वतःची कल्पकता’ या रकान्यात गुण भरायचे तर ती मुलाची स्वतःची आहे की नाही हे कळावं लागतं, आणि ते बोलल्याशिवाय कळत नाही. नोंदवही उघडल्याशिवाय तर नाहीच.

माझ्या या म्हणण्यावर एका शिक्षक मित्राने मला चांगलंच सुनावलं. त्याचं म्हणणं होतं, बाहेरची माणसं एक दिवस येतात, मुलांना प्रश्न विचारून, फोटो काढून जातात. वर्षभर त्या मुलांना सांभाळतो आम्ही. त्याचं बरोबर आहे. एका शाळेत विज्ञानाला एकच शिक्षक, तोच गणिताला, त्याच्याच गळ्यात ऑनलाइन माहिती भरायची कामं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात असं बजावलंय, तरी त्यांच्या टेबलावर काय काय येऊन पडतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. प्रदर्शनाच्या दिवशी मंडप, जेवण, पाहुणे, प्रमाणपत्रं आणि परीक्षण हे सगळं तेच मोजके शिक्षक करतात. मी परीक्षकांना दोष देत नाही. त्या तिघांच्या जागी मी असतो तर मीही घड्याळच बघितलं असतं. उलट माझं म्हणणं हेच आहे की त्यांच्या डोक्यावरचा भार वाटून घ्यायला बाकीच्यांनी यायला हवं. शिक्षकाला मुलाची वाढ दिसते, बाहेरच्याला काम दिसतं. दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत. फार तफावत आली तर पुन्हा टेबलापाशी जावं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. फुकट काम करणारी माणसं मिळाली की सरकार आपली जबाबदारी झटकतं. शाळेत प्रयोगशाळा नाही, प्रयोगशाळा सहायक नाही, साहित्याला पैसे नाहीत, आणि आम्ही एक दिवस जाऊन प्रश्न विचारून समाधान मानायचं का? नाही. स्वयंसेवकाने शिक्षकाची रिकामी जागा भरू नये, परीक्षानळ्या विकत आणून देणं हेही त्याचं काम नव्हे. ते मागत राहायला हवं, जोरात मागायला हवं. पण भरपूर पैसा असलेल्या देशांतही या स्पर्धा स्वयंसेवकांवरच चालतात. १९५० पासून अमेरिकेत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान आणि अभियांत्रिकी मेळ्यात शेकडो परीक्षक येतात ते आपला वेळ देऊन, आणि एकेका मुलाशी वेगवेगळे परीक्षक समोरासमोर बसून बोलतात. पैशाने मंडप येतो, ट्रॉफी येते. तीस वर्षं एखाद्या कामात मुरलेल्या माणसाचं कुतूहल पैशाने येत नाही, ते त्याने स्वतः आणावं लागतं.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे संविधानाने १९७६ पासून प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलंय. त्यात ‘विज्ञानाच्या शिक्षकांचं’ असं म्हटलेलं नाही.

तेव्हा मागणं आहे ते दोन दारांवर. शिक्षण खात्याने परीक्षणाची वेळ उद्घाटनाच्या आधी ठेवावी. सकाळी आठला मुलं ताजी असतात, हॉल शांत असतो, पाहुण्यांची वाट बघायची नसते. नोंदवहीशिवाय प्रकल्प मांडूच देऊ नये, आणि वही खाडाखोड असलेली, मळलेली असली तर ती गुणांची बाजू समजावी. बाहेरच्या परीक्षकांची यादी तालुक्याने जून महिन्यातच करायला घ्यावी. आणि प्रत्येक मुलाच्या हातात, बक्षीस असो नसो, दोन ओळींची चिठ्ठी जावी: तुझ्या कामात हे आवडलं, पुढे हे करून बघ. सहभागाच्या छापील प्रमाणपत्रापेक्षा ती चिठ्ठी मूल जपून ठेवतं. मी दिलेल्या एका चिठ्ठीचा चुरगळलेला तुकडा दोन वर्षांनी एका मुलाने मला कंपास पेटीतून काढून दाखवलाय.

दुसरं दार कारखान्यांचं. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्यातून शाळांना बाकं मिळतात, संगणक मिळतात, त्यावर कंपनीचं नाव रंगवलेलं असतं. चांगलं आहे. त्यासोबत वर्षाकाठी दहा माणसांना एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या, म्हणावं, आणि त्यांना तालुक्याला पाठवा. टूलरूममधला फोरमन पाठवा. तो बोलायला लाजेल, पण व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात घेऊन एखाद्या मुलाला माप दाखवायला लागला की त्याला कुणी गप्प करू शकणार नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा कांदेवाली मुलगी सामान आवरत होती. मिठाची पुडी तिने वहीसोबत दप्तरात ठेवली. मग म्हणाली, ‘सर, एक विचारू? दोन बोटं मान ठेवली तर सड कमी होते. पण मोजून मान ठेवायची तर बायांचा हात मंदावतो. मजुरी वाढली तर फायदा उरेल का? हे वहीत कुठल्या पानावर लिहू?’

मला उत्तर देता आलं नाही. मी मापं जाणतो, खर्चाचं जाणत नाही. सोमवारी कॉस्टिंग विभागातल्या सहकाऱ्याला डबा खाताना हे सांगितलं. त्याने घास तसाच ठेवून विचारलं, एका एकराला किती बाया लागतात, उक्तं किती ठरतं, सडलेला कांदा धरून चाळीतून शेवटी विकला किती गेला? यातलं मला काहीच माहीत नव्हतं. ते तिलाच विचारावं लागेल. या डिसेंबरात तो माझ्यासोबत येतोय.